मेढ तुमची, कापड माझं

आष्टा, ९ एप्रिल

अजीम,

सलाम. पाकीट बघून दचकला असशील. फोन केला तर तू उचलत नाहीस, मेसेज केला तर निळ्या खुणा उमटतात आणि पुढं सामसूम. पत्र परत पाठवायचं तर मात्र पोस्टात जावं लागतं, आणि तुझा आळस मला ठाऊक आहे. म्हणून पत्र. घरी आपण दखनीत भांडत आलो, पण लिहायला मला मराठीच येतं. शाळेनं लावलेली खोड आहे, ती आता जायची नाही.

तुझ्या कंपनीकडून मला निरोप आला आहे की आमचा हवामानाचा प्रोग्राम महिनाभर फुकट वापरून बघा. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'ग्राहक सेवा'. आष्ट्यातल्या इलाही मंडप डेकोरेशनचा नंबर शिरवळच्या ग्राहक सेवेला स्वप्नात दिसला असेल तर माझं काही म्हणणं नाही. नसेल, तर एवढंच म्हणते, की दोन वर्षांनी भावानं बहिणीला काही धाडलं आणि तो निघाला वाऱ्याचा वेग. लोकांचे भाऊ आंबे धाडतात.

टोमणा मारून झाला. आता कामाचं.

गेल्या वैशाखात आपला मंडप वळवात पडला, हे तुझ्या कानावर आलंच असणार. माणसं जेवून उठली होती म्हणून वाचली. त्या दिवशी वसीमच्या मोबाईलवर हसरा सूर्य होता. माझ्या नवऱ्याचा त्या फुकटच्या अॅपवर फार जीव. त्यात आष्टा शोधलं तर आधी मध्य प्रदेशातलं आष्टा येतं, आणि हा पठ्ठ्या आठवडाभर तिथलं ऊन बघून इथं टोपी घालत होता. ते मी दुरुस्त करून दिलं. पण गाव दुरुस्त केलं तरी सूर्य तोच.

तेव्हापासून निम्मी गिऱ्हाइकं आप्पासोकडं गेली. त्याचा सांगाडा मोठा, गाड्या नव्या. परवा तो आपल्या गोदामात येऊन छताला टेकलेल्या कनाती बघत उभा राहिला आणि म्हणाला, "शकिलाबी, हा हंगाम बगा. न्हाई जमलं तर मला सांगा. खांब, कापाड, भांडी, सगळं मी घिऊन टाकतो." अब्बांनी जाताना गोदामाची किल्ली माझ्या हातात दिली आणि तू बॅग भरलीस. दारातून म्हणालास, आपा, दोन वर्षांत विकशील. दोन वर्षं या पावसाळ्याला पुरी होतात. तेव्हा हा हंगाम कसा जातो यावर तू खरा की मी, हे ठरणार आहे. मी खोटी पडायची नाही, पण तारीख तुझ्याही लक्षात असू दे.

तुझ्या प्रोग्रामची वर्षाची फी वाचली. चहा गार झाला माझा.

शकिला आपा


आष्टा, २० एप्रिल

अजीम,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, त्यामुळं मी नाराज नाही. थोडी आहे.

दोघांची शर्यत लावली आहे मी. एका बाजूला वसीमचा मोबाईल, दुसऱ्या बाजूला तुझा प्रोग्राम. मोबाईल म्हणाला गुरुवारी पाऊस. वसीमनं सगळ्या गाद्या ताडपत्रीखाली घातल्या आणि दिवसभर ऊन तापलं. तुझ्या प्रोग्रामला ते बरोबर कळलं होतं. मग तुझा प्रोग्राम म्हणाला दुपारी वाऱ्याचे झटके, तर झाडाचं पान हललं नाही आणि मोबाईलचा सूर्य दात काढून हसत राहिला. खरं सांगायचं तर दोघंही थापा मारतात. एक हसत मारतो आणि दुसरा आकडे दाखवून मारतो.

पण एक गोष्ट तुझ्या बाजूची. मोबाईल सगळ्या आष्ट्याला मिळून एक ढग देतो. तुझ्या प्रोग्राममध्ये नकाशावर बोट ठेवून सांगता येतं की माझा मंडप या शेतात आहे. मग तो त्या शेताचा वारा सांगतो, आणि साधा वारा निराळा, झटक्याचा निराळा. मंडप पाडतो तो झटका, हे अब्बांना कळत होतं, तुला कळतं, पण त्या हसऱ्या सूर्याला कुणी सांगायचं?

ग्राहकांसाठी एक फोन नंबरही दिला आहे तुम्ही. ड्यूटीवरच्या माणसाशी थेट बोला म्हणे. लावून बघितला. इंग्रजीसाठी एक दाबा, मराठीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. मी दोन दाबलं आणि ठेवून दिला. काही विचारायचं नव्हतं.

आता मोठी बातमी. सुभेदार नाथाजींच्या रेश्माचं लग्न आपल्याकडं आलं. बावचीच्या वाटेवरचा त्यांचा मळा, ऊस गेल्यानंतरचं मोकळं रान. मुलगा फलटणचा, वीरधवल नावाचा, फौजेत आहे आणि रजा मोजून मिळाली आहे, त्यामुळं तारीख हलायची नाही. गोरज मुहूर्त. हजार माणूस. नाथाजी स्वतः गोदामात आले आणि मिशीला पीळ देत म्हणाले, "माज्या लग्नाचा मांडव तुज्या बानं घातला हुता, म्हणून तुला इचारतोय. आप्पासो माज्या दारात दोनदा यिऊन गेलाय, ठावं हाय न्हवं?"

म्हटलं, "ठावं हाय, काका. तिसऱ्यांदा आला तर च्या पाजा आन् मांडव इलाहीचा हाय म्हणून सांगा."

हसले. ऑर्डर दिली. हा मंडप नीट पार पडला तर पुढच्या हंगामाला माणसं परत येतील. बिघडला तर आप्पासोला किल्ली द्यायला मीच चालत जाईन. मध्ये काही नाही.

एकच अडचण. नाथाजींच्या दारासमोर रस्ता रुंद झाला, त्यामुळं दारातला छोटा मांडव यंदा नाही. मुहूर्तमेढ आणि मांडवडहाळे सगळं आपल्याच मोठ्या मंडपाला. अब्बांचा नियम तुला आठवत असेल. आंब्याजांभळाचे डहाळे चढले की मंडप आपला राहत नाही, त्यांच्या देवाचा होतो. अक्षता पडेपर्यंत खिळासुद्धा उपटायचा नाही. मुसलमानाच्या हातचा मांडव पिढ्यान् पिढ्या चालला, तो हा नियम पाळला म्हणून.

वसीम म्हणतो तुला लिहून काय उपयोग. मी म्हटलं, लिहून हात मोकळा होतो.

आपा


आष्टा, २९ एप्रिल

अजीम,

काल रेश्माचं लग्न झालं. लोक काय काय सांगतील ते सांगोत, तू माझ्याकडून ऐक. निम्मं तुला ठाऊकच आहे.

परवा संध्याकाळी डहाळे आले. ट्रॅक्टर सजवलेला, पुढं बँजो, नाथाजींचे मेहुणे नाचत नाचत आले आणि पुढच्या दोन खांबांना आंबा, जांभूळ, उंबर बांधून मोकळे झाले. हळद झाली. सगळं झकास होतं. काल सकाळी उठून बघते तर तुझा प्रोग्राम लाल. चारनंतर झटक्याचा वारा, आणि आकडा गेल्या वर्षी मंडप पडला त्याहून वर. मोबाईलवर सूर्य, शेजारी कापसाएवढा ढग.

दुपारपर्यंत वाट बघितली. लाल हटेना. मग मी दोन दाबलं.

"नमस्कार. ग्राहक क्रमांक सांगा."

"क्रमांक नाही. फुकटचं गिऱ्हाईक आहे मी. आष्ट्याचं."

ड्यूटीवर तूच होतास, आणि माझा आवाज ओळखलास. मग म्हणालास, "बोला, मॅडम."

मॅडम तर मॅडम. मीही तुला साहेब म्हटलं. तू सांगितलंस की जतकडून ढगांची रांग निघाली आहे, वाटेत विरली नाही तर पाचच्या सुमारास आमच्यावर येईल, दहात सहा शक्यता. आवाज अगदी रेडिओसारखा. मी विचारलं, "साहेब, मग छत उतरवू का?"

"मॅडम, आम्ही वारा सांगतो. निर्णय ग्राहकानं घ्यायचा असतो."

"हे लिहिलेलं वाचताय का?"

"हो."

"मग तो कागद बाजूला ठेवा आन् सांगा. हजार माणूस बसणार हाय खाली."

नंतर तू जो गप्प बसलास, तेवढ्यात माझ्यासमोरून पाण्याचा टँकर येऊन रिकामा होऊन गेला असं वाटलं मला. मागं कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. मग तू एकच शब्द बोललास. "काढा." आणि फोन ठेवलास.

मी सरळ नाथाजींकडं गेले. फेट्याचं टोक आवरत होते. म्हटलं, "काका, छत उतरवते. वारा येनार हाय."

"डोकं फिरलं का तुजं? डहाळं चढल्यात. आता मांडवाला हात लावायचा नसतोय. तुज्या बानंच शिकवलंय न्हवं तुला?"

"व्हय, बानंच शिकवलंय. मेढ तुमची, डहाळं तुमचं, त्या खांबांना मी शिवत न्हाई. पर वरचं कापाड माजं हाय. ते मी काढनार."

मागून आप्पासो आला. जेवायला आला होता, पण जेवण बाजूला राहिलं. "मोबाईलमदी ढग दिसला व्हय शकिलाबी?" सगळे हसले. वसीमनं माझ्या कानाशी मोबाईल धरला आणि हळूच म्हणाला, "शकिला, ह्यात ऊन हाय गं." मी म्हटलं, शिडी लाव.

नाथाजींचा चेहरा तांबडा झाला होता. सुभेदार माणूस, त्यांना कुणी असं सांगितलेलं सवयीचं नाही. तेवढ्यात त्यांची आई, मनुबाई, खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "कापाडच काढतीया न्हवं ती? काढू दे. डोईवर आभाळ असलं तर काय वंगाळ हुतंय?" नाथाजी पाठ फिरवून निघून गेले. तो होकार आहे असं मी धरलं.

चारच्या आत छत खाली. कनाती गुंडाळल्या, झुंबरं गाडीत. उरला लोखंडी सांगाडा आणि पुढच्या दोन खांबांवर हिरवे डहाळे. बघायला चमत्कारिक दिसत होतं, कबूल.

आणि वारा आला नाही.

पाच वाजले, सहा वाजले, साधी झुळूक नाही. वऱ्हाड डोळ्यांवर हात धरून बसलं होतं, पश्चिमेचं ऊन थेट तोंडावर. कुणीतरी म्हणालं मांडव न्हाई, कुस्तीचं मैदान हाय. लांब पूर्वेला आभाळ काळं दिसलं, दोनदा वीज चमकली, संपलं. उघड्या आभाळाखाली अक्षता पडल्या. नाथाजींनी जाताना माझ्याकडं बघितलं नाही. आप्पासोनं मात्र बघितलं, सावकाश, जेवण झालेल्या माणसासारखं.

मला लाज वाटली का? नाही. घरी आले, जेवले, झोपले. डोळे चुरचुरत होते ते उन्हानं.

तुला दोष देत नाही. पत्र एवढ्यासाठीच की तू कुणाकडून उलटसुलट ऐकू नयेस.

आपा


आष्टा, ११ मे

अजीम,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं न मागताच मी सही केली, तो म्हणाला साध्या टपालाला सही लागत नाही. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे. मी तीनदा वाचलं. वसीमनं एकदा वाचलं आणि बाहेर जाऊन बराच वेळ टेंपो धूत बसला.

तू लिहितोस, ढगांची रांग कवठे महांकाळजवळ विरून गेली, आपा माझं चुकलं, मी तुझं नाव घालवलं. लिहितोस की फोन रेकॉर्ड होतात, तू ग्राहकाला 'काढा' म्हणालास ते साहेबांनी ऐकलं, नियम मोडला म्हणून तुला ड्यूटीवरून उठवलं आणि आता बिलं पाठवायला बसवलं आहे. आणि शेवटी लिहितोस की हे कामच सोडावं म्हणतो.

आता मी मोठी आहे, तेव्हा गप्प बसून ऐक.

तुझं चुकलेलं नाही. दहात सहा म्हणालास. दहात चार वेळा ढग विरणारच, त्यातली एक वेळ त्या दिवशी आपल्या वाट्याला आली. पुन्हा तसंच लाल दिसलं तर मी पुन्हा छत उतरवीन, पुन्हा नाथाजींच्या मिशा थरथरतील आणि पुन्हा मी शिडी लावीन. मला त्या दिवसाचा पस्तावा नाही. तूही करू नकोस.

झालं ते सांगते, लपवत नाही. दोन लग्नं आप्पासोकडं गेली. 'भर लग्नात कापड काढणारी बाई' असं माझं नाव पडलं आहे. आप्पासो परत गोदामात आला, या वेळी सोबत मोजमापाचा टेप घेऊन. म्हणाला, "शकिलाबी, आता तरी?" मी त्याच्यासमोर गोदामाला कुलूप लावलं आणि त्याला घरी नेऊन चहा दिला. बिनसाखरेचा. नाथाजी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. मनुबाईंनी डबाभर लाडू धाडले, म्हणजे अर्धं घर माझ्या बाजूला आहे.

आणि मग परवा फलटणहून फोन आला. वीरधवलच्या आई, अंजनाबाई. त्यांच्या पुतणीचं लग्न आहे, तीन दिवसांचा मोठा कार्यक्रम. मी आधीच सांगून टाकलं, "ताई, मी कापाड काढनारी बाय हाय, ऐकलंय न्हवं?" त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुमालाच फोन केलाय. आमच्या पावन्यांच्यात मांडव पडून मानूस गेलं. आमचा वीरू म्हनतोय, खंदक खनला आन् गोळा पडला न्हाई, म्हणून खंदक खननाऱ्याला कुनी शिव्या देत न्हाई." ही ऑर्डर नाथाजींच्या दुप्पट आहे. गोदाम विकायचा विषय संपला, अजीम. पावसाळा येऊ दे की जाऊ दे, मी खोटी पडलेली नाही.

आता तुझ्या प्रोग्रामचं. फुकटचा महिना संपला. वसीमनं हिशेब मांडून दाखवला की त्या दिवशी फुकटचा मोबाईल खरा ठरला आणि पैशाचा प्रोग्राम खोटा, मग पैसे कशाला भरायचे? हिशेब बरोबर आहे त्याचा. तरी मी अख्ख्या वर्षाची फी भरली.

कारण त्या सूर्याला मी विचारू शकत नाही की बाबा, हजार माणसं आहेत, काय करू. तो हसतच राहणार. मंडप राहिला तरी हसणार, पडला तरी हसणार. तुला मात्र विचारल्यावर तू गप्प झालास. त्या गप्प बसण्यात मला कळलं की पलीकडं कुणीतरी माझ्या मंडपाखाली येऊन उभं राहिलं आहे आणि वर बघतंय. मी पैसे त्याचे भरले आहेत. बाकी आकडे, लाल, हिरवं, ते सगळं ठीक आहे.

तुझ्या साहेबालाही मी फोन केला. घाबरू नकोस, नीट बोलले. एक दाबलं तर इंग्रजी, मग तीन दाबून हिंदीत सांगितलं की वर्षाची फी भरली आहे, पण दोन दाबल्यावर जो माणूस होता तोच मला पाहिजे. नाहीतर पैसे परत करा. तो म्हणाला, मॅडम, त्यानं नियम मोडला. मी म्हटलं, तुमच्या नियमानं माझा मंडप उतरत नाही, माणसाच्या सांगण्यानं उतरतो. बघतो म्हणाला. साहेब लोकांचं 'बघतो' कसं असतं ते मला माहीत आहे, पण पैसे अजून परत केलेले नाहीत.

एक खोटं मी तुला लिहिलं होतं, ते पुसून टाकते. वीस तारखेला मी दोन दाबलं आणि ठेवून दिला, असं लिहिलं. ठेवला खरा, पण तुझं 'नमस्कार' ऐकल्यावर. मला हवं होतं तेवढं मिळालं होतं. मला तुझी आठवण येते, अजीम. येते तर येते, लिहून टाकलं.

काम सोडू नकोस. पण फलटणच्या लग्नाला सुट्टी काढून ये. शिरवळहून फलटण काही लांब नाही, आणि यंदा मी तुला विनवत नाही, बोलावते आहे. छत उतरवताना समोरासमोर दोन जाणती माणसं लागतात, एका दमात दोर सैल करायचा असतो, नाहीतर कापड मधोमध फाटतं. एका दोराला वसीम असतो. दुसऱ्या दोराला तू गेल्यापासून मी उभी राहते. त्यामुळं खाली मोकळं उभं राहून, वर बघून, आता सोडा म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

ते तुला जमतं. मी फोनवर ऐकलं आहे. ये.

तुझी आपा,
शकिला